वाचनालयाचा वाटा

त्या वर्षी मला एका जागी बसवत नव्हतं. सातवीची फायनल पास होऊन घरी बसले होते, नगरला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायला वय एका वर्षानं कमी पडत होतं, आणि ते एक वर्ष कुठं नेऊन घालायचं हे मला कुणी सांगत नव्हतं. पहाटे आईबरोबर दळण, मग आडावरचं पाणी, मग धुणं. दहाच्या आत सगळं उरकायचं आणि पुढं अख्खा दिवस आ वासून उभा. आई म्हणायची, "करुणे, पायाला भिंगरी लागलीय तुझ्या. टेक की जरा." टेकायचं कुठं? घर दोन खोल्यांचं, अंगण हातभर, आणि गल्लीतल्या बायका मला बघितलं की माझ्या लग्नाचं काढायच्या. मग मी चपला अडकवायची आणि वाचनालयात पळायची. आता दोन्ही गुडघे बदलून झालेत, नात "आजी, बस ना गं" म्हणून दटावते, तरी बोलता बोलता मी उठतेच. ही खोड त्या वर्षाची.

वाचनालय म्हणजे रामभाऊ घाणेवाल्यांच्या तेलघाण्यावरचा माळा. खाली दिवसभर बैल फिरायचा, घाणा करकरायचा, आणि वरच्या फळ्या त्या तालावर हलकेच हलत राहायच्या. तीन कपाटं, एक लांब टेबल, दोन बाकडी आणि एक सतरंजी. पुस्तकांना करडईच्या तेलाचा वास. मी पुस्तक घरी आणलं की आई नाक मुरडून म्हणायची, "वाचून झालं की फोडणीला टाक." त्या तीन कपाटांतलं मी जवळजवळ सगळं वाचलं होतं. ऐतिहासिक कादंबऱ्या, मुलींच्या हाताला लागू नयेत म्हणून वरच्या फळीवर ठेवलेल्या कादंबऱ्या, गुरांच्या रोगांवरचं एक जाडजूड पुस्तक. ते तर दोनदा. वाचायला काही उरलं नाही की मी कपाटं पुसायची, पुसून झाली की पुस्तकं उंचीप्रमाणं लावायची. मग बाबा ती पुन्हा विषयाप्रमाणं लावायचे आणि मला काही बोलायचे नाहीत. बोलले असते तर निदान भांडायला तरी मिळालं असतं.

बाबा तिथले ग्रंथपाल. आधी ते शाळामास्तर होते. मुलांअभावी ती शाळा बंद पडली, त्याच सुमाराला वाचनालयाचे आधीचे गृहस्थ रेशनच्या हापिसात चिकटले, आणि त्या पगारात दुसरा कुणी मिळेना म्हणून अध्यक्षांनी, म्हणजे गावच्या वकीलसाहेबांनी, बाबांना बोलावलं. गावात कुजबुज झाली. आम्ही ख्रिस्ती, गावाच्या कडेला आमची गल्ली. ख्रिस्ती होण्याआधी आमचं घराणं कोण होतं, कुठल्या खेड्यातलं होतं, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. मलाच धड ठाऊक नव्हतं. बाबा त्या विषयावर बोलत नसत आणि मीही कधी विचारलं नव्हतं. सगळे त्यांना साळवे मास्तर म्हणत, तेवढं मला पुरे होतं. बाबांनी वकीलसाहेबांना एकच अट घातली: पुस्तक मी हातात देईन आणि हातातूनच परत घेईन, टेबलावर ठेवा मग उचलतो, असलं चालणार नाही. दोन-चार सभासद त्यावर फुरंगटून निघून गेले. बाकीचे आधी बिचकत, मग सवयीनं, हात पुढं करायला लागले.

बुधवारी बाजार. त्या दिवशी वाचनालयाच्या जिन्याची कंबर मोडायची वेळ यायची. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं बाजार उरकून, खांद्यावर घोंगडी, हातात मिरच्यांची पुरचुंडी, अशी वर यायची आणि सतरंजीवर मांडी ठोकायची. त्यांतल्या बहुतेकांना अक्षर येत नव्हतं. बाबा पुण्याहून आलेला पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवायचे. पेपर सर्व्हिस मोटारीनं यायचा, एक दिवस शिळा. लढाईच्या बातम्या शिळ्या तर शिळ्या, आम्हाला चालायच्या. एखादी जाहिरात गाळली तर लगेच हरकत यायची, "मास्तर, त्या चौकटीत काय हाय त्ये बी वाचा." मग बाबा केस काळे करायच्या तेलाची जाहिरातसुद्धा तितक्याच गंभीरपणे वाचायचे. कुणाचा अर्ज लिहायचा असे, कुणाच्या मुलाचं पलटणीतून आलेलं पत्र वाचायचं असे. या सगळ्याला एक पैसा पडत नसे.

सगळ्यांत पुढं बसायचे सखाराम पाटील. दोन कोसांवरच्या वडगावचे, पन्नाशीचे, मिशा मोठ्या आणि आवाज त्याहून मोठा. "मास्तर, ह्ये रशिया नगरपासनं किती कोस पडंल?" बाबा सांगायचे तो आकडा ऐकून ते मांडीवर थाप मारायचे. "आरं तिच्या! येवड्या लांब जाऊन भांडायचं? आमी तर बांधावरच भागवतो." सगळी सतरंजी खदखदायची. बाबांवर त्यांचा मनापासून जीव होता. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना वाईट माणूस ठरवील. ते वाईट नव्हते. वाईट असते तर हे प्रकरण मी चार ओळींत उरकलं असतं.

त्या थंडीत वाचनालय बुडायला निघालं. लढाईमुळं कागद महागला, पेपर महागला, सभासद गळाले, वरून जी काही किडुकमिडुक मदत यायची ती थांबली. रामभाऊंना रेशनचं धान्य ठेवायला माळा मागणारं आणि दुप्पट भाडं देणारं गिऱ्हाईक भेटलं. रामभाऊ भला माणूस, म्हणून त्यांनी होळीपर्यंत मुदत दिली. होळीच्या आत वर्षाचं भाडं द्या, नाहीतर कपाटं खाली उतरवा. वकीलसाहेबांनी मदतीसाठी नाटक बसवलं. बत्त्यांना रॉकेल मिळेना, म्हणून ते भर दुपारी उघड्या मैदानावर केलं. राजाच्या मिशा घामानं ओघळून हनुवटीवर आल्या, लोक हसून हसून बेजार झाले, आणि निम्मे लोक कुंपणापलीकडून फुकट बघून गेले. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब म्हणाले, "मास्तर, आपण शर्थ केली. आता पुस्तकं माझ्या घरी नेऊन ठेवू." म्हणजे कुलपात. मला त्या वर्षाचं काय करायचं हा प्रश्न होताच, पण खरं भय वेगळंच होतं. अख्ख्या गावात बाबांना बसायला खुर्ची होती ती त्या माळ्यावर. माळा गेला की बाबा पुन्हा गल्लीत येऊन बसणार आणि हळूहळू बोलणं सोडणार, हे मला तेव्हाही स्वच्छ दिसत होतं.

आणि मग एका सकाळी घाण्यासमोरून लोहाराची गाडी गेली. शाळू ज्वारीची सुगी चालली होती आणि लोहार खेड्यांतून आपलं बलुतं गोळा करून परतत होता. वर्षभर शेतकऱ्यांचे फाळ ठोकून द्यायचे आणि सुगीत प्रत्येक खळ्यावरून धान्याचा वाटा आणायचा. लोहाराला वाटा, सुताराला वाटा, न्हाव्याला, कुंभाराला वाटा. मी जिन्यातच थबकले. वर्षभर पेपर वाचून दाखवायचा, अर्ज लिहून द्यायचे, तर वाचनालयाला वाटा का नाही? पुढच्या बुधवारी सतरंजी उठायला लागली तशी मी पाटलांना गाठून हे सांगितलं. ते खूश झाले. "झ्याक डोस्कं हाय पोरीचं! परवा आमच्या खळ्याव ये. वाचनालयाचा वाटा म्हून सांग. माझं बगून बाकीचे बी देतील." ते गेले. बाबा टेबलापाशी पेपर घडी करत होते.

"खळ्यावर जायचं नाही," ते म्हणाले.

"का?"

"नाही म्हटलं ना."

"मग कपाटं वकिलांच्या माजघरात जाऊ देत?"

"जाऊ देत."

असं तोडून बोलण्याची बाबांची रीत नव्हती. मला इतका संताप आला की घरी जाईपर्यंत मी त्यांच्यापुढं दहा पावलं चालत होते. एक माणूस आपणहून द्यायला निघालाय आणि यांचं काय बिघडतंय? रात्री हुलग्याचे शेंगोळे होते, माझ्या जिवाचे लाडके, पण मी हट्टानं अर्धं ताट ठेवून उठले. कुणी समजूत काढली नाही. सकाळी बाबा नगरला गेले. त्यांचे जुने विद्यार्थी तिथं नोकरीला लागले होते, त्यांच्याकडं वाचनालयासाठी शब्द टाकायला. दुसऱ्या दिवशी परत येणार होते. तो दुसरा दिवस म्हणजेच पाटलांनी सांगितलेला परवा. मी आईला म्हटलं, "वडगावला जाऊन येते. वाचनालयाचा वाटा आणायला." भाकरी थापणारा तिचा हात थांबला. "त्यांना विचारलंस?" "विचारलं," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. विचारलं तर होतंच.

खळं गावाबाहेर होतं. मधल्या खांबाभोवती बैल फिरत होते, गडी हाकारत होते, भुसा उडून सगळीकडं पिवळं झालेलं. एका बाजूला उफणून झालेल्या ज्वारीची रास होती. पाटील दिसेनात, सरकारला द्यायच्या धान्याचा, लेव्हीचा कारकून आला म्हणून चावडीवर गेले होते. कडेला घोंगडीवर त्यांची म्हातारी आई बसली होती. मी आत पाऊल टाकणार तोच ती ओरडली, "तितंच थांब गं! खळ्यात येऊ नगं." मला वाटलं, चपलांमुळं. खळ्यात पायताण घालून जात नाहीत हे मी कुठंतरी वाचलं होतं. मी चटकन चपला काढल्या. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. तितंच बरी हायेस," म्हातारी म्हणाली, आणि अगदी मायेनं म्हणाली. "कुनाची तू?"

"साळवे मास्तरांची. वाचनालयाचा वाटा न्यायला आले. पाटलांनी बोलावलंय."

तिनं डोळ्यांवर हात धरून मला न्याहाळलं. "म्हंजी आमच्या केरूची नात व्हय! बया बया, केवडी झाली! तुमचा वाटा हाय की ठेवल्याला. कुटं जातोय त्यो?"

केरू माझ्या आजोबांचं नाव. मी त्यांना बघितलेलं नाही. पण इथं, या अनोळखी गावात, कुणाला माझे आजोबा माहीत आहेत, याचा मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आमचं मूळ गाव वडगाव, हेही मला तिथं उभ्या उभ्या कळलं. म्हातारीनं गड्याला खूण केली. खळ्याच्या कडेला एक वेगळा ढीग सारून ठेवलेला होता. गडी म्हणाला, "पोतं ठिव आन् मागं सर." मी मागं सरले. त्यानं पाटीनं भरून भरून अर्धं पोतं केलं. निघताना म्हातारीनं गुळाचा खडा दिला. तो तिनं वरून टाकला आणि मी झेलला. मला त्यात गंमत वाटली, आपल्याशी खेळतेय असं वाटलं. आज हे लिहिताना माझे कान तापतात. सोळा वर्षांची घोडी, तीन कपाटं वाचलेली, आणि एवढंही कळू नये!

त्यांचीच गाडी गावाकडं येत होती, तिच्यात पोतं टाकून मी वाजतगाजत घरी आले. "आई, बघ! पहिला वाटा!" आईनं सूप घेतलं, ओंजळभर धान्य घेतलं, एकदा पाखडलं, आणि सूप मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली.

"काय झालं?"

"मातेरं आहे गं," ती म्हणाली.

मातेरं म्हणजे उफणलेलं धान्य राशीला सारलं की खळं झाडून जे निघतं ते. माती, खडे, सारवणाचे पोपडे, फोलपटं, आणि त्यात अडकून राहिलेले दाणे. मी म्हटलं, "चुकून दिलं असेल." आई म्हणाली, "चुकून नाही. आपल्या लोकांना हेच द्यायचे." मग तिनं पदर खोचला. "ते यायच्या आत मी निवडते. निवडून, धुऊन आपण घरी खाऊ, आणि आपल्या कणगीतली ज्वारी वाचनालयाला देऊ. त्यांना कळायलाच नको." आई अशी होती. रडत बसायचं सोडून तिनं लगेच हिशेब बसवून टाकला. आम्ही दोघी घाईघाईनं पाखडायला लागलो, धुळीनं खोकायला लागलो, आणि दारात बाबा उभे. दुपारच्या मोटारीनं आले होते. नगरहून हात हलवत आले होते, ते चेहऱ्यावरच दिसत होतं. त्यांनी सूप बघितलं, पोतं बघितलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी काढली, भिंतीला टेकून बसले आणि माझ्याकडं न बघता बोलायला लागले. "माझा बाप त्या गावची महारकी करायचा. निरोप घेऊन पळायचं, सरपण फोडायचं, मेलेली गुरं ओढायची. सुगीत माझी आई त्याच खळ्याच्या कडेला पदर पसरून उभी राहायची. मी तिच्याजवळ असायचो. मला वाटायचं, ज्वारी अशीच असते, मातीसकट. नवव्या वर्षी इथं मिशनच्या बोर्डिंगात आलो तेव्हा स्वच्छ ज्वारी पहिल्यांदा बघितली. तेव्हा ठरवलं, आपल्या घरातलं माणूस पुन्हा खळ्यावर उभं राहायचं नाही."

"मग मला आधी का नाही सांगितलं?" मी किंचाळले. "सांगितलं असतं तर मी गेले असते का?"

"सांगायला तोंड हवं ना, करुणा," बाबा म्हणाले.

मी त्या पोत्याला लाथ घातली. "अगं, अन्न आहे ते!" आई ओरडली. मला लाज वाटत होती, त्या म्हातारीचा राग येत होता, बाबांचा राग येत होता, आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा. तो गूळ मी वाटेत खाल्ला होता. शेवटी बाबा उठले, सुपातलं सगळं त्यांनी पोत्यात परत ओतलं आणि पोत्याचं तोंड बांधलं. "उद्या सकाळी माझ्याबरोबर चल," म्हणाले.

सकाळी त्यांनी रविवारी चर्चला घालायचा कोट घातला. पोतं सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि आम्ही सायकल ढकलत निघालो. परत द्यायला चाललो हे मला कळलं, आणि मनात म्हटलं, संपलं वाचनालय. बाबांनाही तसंच वाटत असणार. दोन कोस एक शब्द नाही. मला बोलल्याशिवाय राहवत नाही, पण त्या दिवशी तोंड उघडायची छाती झाली नाही.

खळ्यावर रास मापायची तयारी चालली होती. पाटील स्वतः धोतर खोचून राशीपाशी उभे, म्हातारी कालच्याच जागी. बाबांनी सायकल बाभळीला टेकवली, बूट काढून कडेला ठेवले, आणि सरळ खळ्यात शिरले. गड्यांचे हात थांबले. "आरं आरं आरं!" म्हातारी ओरडली. "सखाराम, बग की!"

बाबांचा आवाज पेपर वाचताना असायचा तसाच होता, स्वच्छ. "पाटील, बुधवारी तुम्ही माझ्या हातातून पेपर घेता ना?"

"घेतो की, मास्तर."

"मग मी इथं आत आलो तर चालेल ना?"

पाटलांनी गड्यांकडं बघितलं, आईकडं बघितलं. "या की," म्हणाले, पण इतकं हळू, की त्या माणसाच्या गळ्यात असा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. बाबांनी मला खूण केली. मी पोतं ओढत आत आणलं आणि तोंड सोडलं. "काल माझ्या मुलीला हे मिळालं," बाबा म्हणाले. पाटलांनी मूठ भरून बघितली. त्यांचा चेहरा उतरला.

"आये, ह्ये दिलं व्हय?"

"मंग काय द्यायचं?" म्हातारी म्हणाली. "केरूला बी ह्येच देत हुतो. चार पायल्या दानं निघत्यात त्यातनं. आन् पोरीला गूळ बी दिला, इचार तिला!" तिचा आवाज दुखावलेला होता. तिला खरोखर कळत नव्हतं, आणि तेच मला आजही सोसत नाही.

"मास्तर, आईच्यान, मला ठावं नव्हतं," पाटील म्हणाले.

"ठाऊक होतं, पाटील. लक्षात आलं नव्हतं."

बाबांनीच पुढं सांगितलं, "हे तुमचं तुम्ही ठेवा. वाचनालयाला द्यायचं असेल तर राशीतलं द्या, मापून, सगळ्यांदेखत. नसेल द्यायचं तर तसं सांगा, मी रिकामा जातो. राग नाही. बुधवारी या, पेपर वाचायचा तो मी वाचीनच."

मी मनात देवाला आळवत होते, देऊ दे, काहीही करून देऊ दे. पाटलांनी नंतर गुपचूप घरी आणून दिलं असतं तरी मी घेतलं असतं, हे कबूल करते. मला वाचनालय हवं होतं. बाबांना ते तसलं नको होतं. पाटलांनी माप उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग खाकरून म्हणाले, "पोरी, पोतं झटकून आन." मी धावत जाऊन ते मातेरं कडेला ओतलं, पोतं उलटं करून झटकलं आणि राशीपाशी येऊन तोंड धरून उभी राहिले.

"लाभ," पाटील म्हणाले. रास मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. ज्वारी पोत्यात पडली. "दोन." म्हातारी पाठ फिरवून बसली. "तीन." एक गडी उठून खळ्याबाहेर निघून गेला, तो परत आला नाही. पाटील मापत राहिले आणि पाच मापं झाल्यावर थांबले.

परतीच्या वाटेवर माझी जीभ सुटली. उद्या कुठल्या गावाला जायचं, परवा कुठल्या, कुणाला आधी गाठायचं, माझं सुरू झालं. पुढं त्या सुगीत आम्ही दोघं खरोखरच खळी हिंडलो. काहींनी राशीतलं दिलं, काहींनी पुढच्या साली बघू म्हटलं, एकानं आमच्यावर कुत्रं सोडलं. रामभाऊंनी भाड्यापोटी ज्वारीच घेतली आणि कपाटं माळ्यावर राहिली. पाटील दोन बुधवार फिरकले नाहीत. तिसऱ्या बुधवारी आले आणि पुढं न बसता जिन्याजवळ बसले. आज त्या वाचनालयाची स्वतःची इमारत आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं आपापली पुस्तकं घेऊन येतात आणि पंख्याखाली बसतात. पण त्या दिवशी हे काहीच माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं, की कॅरिअरवर ज्वारी आहे आणि वाचनालय वाचू शकतं. मी बडबडत होते, बाबा हूं हूं करत होते.

ओढ्याच्या अलीकडं त्यांनी एकाएकी सायकल थांबवली. "धर जरा," म्हणाले. मला वाटलं, दोरी सैल झाली. त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं, कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला, सदऱ्याची बाही वर सारली आणि हात आत घातला. मनगटापर्यंत, कोपरापर्यंत, मग पार खांद्यापर्यंत.

"काय बघताय?" मी म्हणाले. "आपल्या डोळ्यांदेखत मापली ना त्यांनी?"

"हो, मापली," बाबा म्हणाले. "तरी बघू दे."

त्यांनी तळातून मूठ भरून वर काढली आणि उन्हात उघडली. ज्वारी होती, नुसती ज्वारी. ती त्यांनी परत आत टाकली आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा हात घातला. तेव्हा मात्र मला रडू आवरेना.